शालीचा काठ

आमच्यात गावाहून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला कोणी लॉजमध्ये ठेवत नाही. घरात खाट एकच असली तरी ती त्याला देतात आणि घरची माणसं खाली झोपतात. मकुरिया तर माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाचा मुलगा, शिवाय माझा विद्यार्थी. तरीही देब्रे सिनाची बस अदिस अबाबाच्या स्टँडवर थांबली तेव्हा त्यानं माझी पिशवी खांद्याला लावली आणि मला घरी न नेता स्टँडमागच्या गल्लीत, झेनेबेचबाईंच्या लॉजवर नेलं. घराला रंग द्यायचं काम निघालंय, म्हणाला. वासानं तुमचा खोकला वाढेल.

माझा खोकला खरा होता, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

मी आलो होतो माझ्या मुलीला घ्यायला. तिरुवर्क अरबांच्या देशात घरकामाला होती. आता पुरे झालं, कायमची परत येते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. तिची आई ती तिकडं असतानाच गेली. आता घरात मी एकटाच, आणि तिच्याशिवाय दुसरं मूल नाही. येताना मी तिच्यासाठी एक पिशवीभर कोलो आणलं होतं, म्हणजे भाजलेले जव आणि शेंगदाणे. आमच्या देब्रे सिनाच्या बायका ते बसच्या खिडक्यांशी उभ्या राहून विकतात. शहरातल्या कोलोला धुराचा वास नसतो, अशी तिची तक्रार असायची.

विमान सोमवारी यायचं होतं. सोमवारी मकुरिया आला आणि म्हणाला, तिच्या कागदांवर एक शिक्का राहिलाय, उद्या येईल. मंगळवारीही तेच म्हणाला. मी म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागायचाच. त्याच दिवशी तो माझा फोन दुरुस्तीला घेऊन गेला. फोनला तसं काही झालेलं नव्हतं, आवाज थोडा खरखरायचा एवढंच.

लॉज वाईट नव्हतं. माझी खोली वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्याच्या तोंडाशी होती. नळाला पाणी फक्त सकाळी यायचं, तेव्हा बादली भरून ठेवायची. खाली अंगणात झेनेबेचबाई कॉफीचे दाणे भाजायच्या. रस्त्यावरून पोरं गाड्यांची नावं ओरडायची, आणि अंगणापलीकडच्या बारमध्ये फुटबॉल लागलेला असायचा. शेजारच्या खोलीत गेब्रू नावाचा ट्रकवाला होता. त्याचा ट्रक दुरुस्तीला पडला होता, त्यामुळे त्याला दिवसभर बोलण्याशिवाय उद्योग नव्हता. मला तो गाशे म्हणायचा, आमच्यात वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

"गाशे," तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मुलगी येईपर्यंत तुम्ही या झेनेबेचबाईंशी लग्नच लावून टाका. भाड्याचा प्रश्न मिटेल."

"तुझ्या ट्रकचा भोंगा बिघडलाय म्हणतोस," बाई खालून म्हणाल्या, "मग तो तुझ्या तोंडात कसा बसवला रे?"

मला हसू आलं. माझ्या वर्गात असा एक तरी पोरगा दरवर्षी असायचाच. त्याला पहिल्या बाकावर बसवायचं आणि फळा पुसायला द्यायचा, म्हणजे वर्ग चालतो.

बुधवारी गेब्रू माझी थट्टा करेना. मी जिन्यावर दिसलो की तो उठून उभा राहायचा. बारमधल्या टीव्हीचा आवाज त्यानं जाऊन कमी करायला लावला. बाई मला दोन-दोनदा जेवायचा आग्रह करू लागल्या. बुधवारचा उपास, म्हणजे मांस-दूध वर्ज्य, म्हणून मसुराचा रस्सा होता. तो आधी इंजेराच्या, आमच्या आंबवलेल्या मऊ भाकरीच्या, कडेला वाढत, आता मध्ये ओतून वर आणखी वाढू लागल्या. मी म्हटलं, एवढं मला जात नाही. त्या म्हणाल्या, पोटात असू द्या, गाशे.

मी म्हातारा माणूस आहे, मला हे सगळं एकत्र मांडून बघता यायला हवं होतं. मुलांना मी हेच शिकवायचो, की आधी जे दिसतं ते ओळीनं लिहा, उत्तर नंतर. पण मी ते लिहीत नव्हतो. मी खिडकीशी बसून गाड्या मोजत नव्हतो, माणसं बघत नव्हतो, नुसता बसत होतो. कोलोच्या पिशवीचं तोंड सुटलं होतं, ते बांधायचं राहिलं होतं. रोज ते दिसायचं आणि रोज राहायचं.

गुरुवारी दुपारी झेनेबेचबाई कुठंतरी जाऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्या लांब जात नसत. आल्या त्या सरळ चहा घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या अंगावर पांढरी शाल होती, आमच्याकडे सगळेच पांघरतात तशी पातळ सुती. तिचा रंगीत काठ वर होता, गळ्याला आणि हनुवटीला लागून.

रोज हा काठ खाली, पायांकडं असतो. सणाला, चर्चला, बाजाराला, कुठंही जायचं तर काठ खाली. तो वर घेतात फक्त मयताच्या घरी जाताना. तिथून निघालं की माणूस फाटकाशीच शाल फिरवून घेतं, हात आपोआप जातो. बाई फिरवायला विसरल्या होत्या. घाईनं आल्या असाव्यात, किंवा डोक्यात दुसरं काही असावं.

त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी काठाकडं पाहत होतो. मग त्यांनीही खाली पाहिलं. त्यांचा हात खांद्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

मी चहा उचलला. साखर बरोबर होती. मला वाटलं होतं की असं कळतं तेव्हा काहीतरी होत असेल, छातीत किंवा पायांत. काही झालं नाही. कपाला एक टवका गेला होता, तो ओठाला लागू नये म्हणून मी कप फिरवला.

बाई गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा काठ खाली होता. दाराशी उभ्या राहिल्या.

"गाशे, माझ्या हातून..."

"तुम्ही चहा आणलात," मी म्हणालो. "चहा चांगला होता."

त्या स्टुलावर बसल्या. मकुरियानं त्यांना मंगळवारी विश्वासात घेतलं होतं, हे मला आता कळत होतं. लॉजमध्ये कोणी चुकून काही बोलू नये म्हणून त्यांना आणि गेब्रूला सांगणं भागच होतं. दुपारी त्या मकुरियाच्या घरी बसायला जाऊन आल्या होत्या. रंगकाम वगैरे काही नव्हतं. तिथं शोकाला येणाऱ्यांसाठी मांडव घातला होता, माणसं येत होती, रडत होती. माझ्याच घरचं रडणं माझ्यापासून एका बसच्या अंतरावर चाललं होतं.

आमच्यात ही बातमी फोनवर देत नाहीत. संध्याकाळी देत नाहीत, कारण पुढं रात्र असते. एकट्या माणसाला देत नाहीत, उपाशी माणसाला देत नाहीत. जवळची माणसं जमतात, पहाटे दार वाजवतात, आत येऊन बसतात आणि मग सांगतात. मीही गावात अशी कितीतरी दारं वाजवली आहेत. त्या घराची कडी आतून सरकायची तेव्हा पाय मागं घ्यावेसे वाटायचे, पण मी घेतले नाहीत. ज्याला अजून सांगितलेलं नाही, त्याच्या वाटचं ओझं तोवर बाकीच्यांनी वाहायचं असतं. मकुरिया ते मी बसमधून उतरल्यापासून वाहत होता. रोज मांडवातून उठायचा, तोंड धुवायचा आणि माझ्याकडं येऊन शिक्क्याचं सांगायचा.

आणि एखाद्या परक्या बाईच्या शालीवरून मला भलत्या वेळी कळलं, हे उघड झालं असतं तर त्या बाईला कोणी माफ केलं नसतं. तिनंही स्वतःला केलं नसतं.

"उद्या का?" मी एवढंच विचारलं.

"उद्या पहाटे. विमान आज संध्याकाळी येतंय."

"म्हणजे ती येतेय."

बाईंनी मान खाली घातली. "हो, गाशे. येतेय."

मग मी त्यांना सांगितलं की काही घडलेलं नाही, मला काही कळलेलं नाही, आणि मकुरियाला यातलं काही सांगायचं नाही. त्यांनी माझा गुडघा धरला, जसा लहान मूल शिक्षा चुकल्यावर धरतं, आणि कप घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी मकुरिया आला. त्याचे डोळे सुजलेले होते. धुळीनं झालं, म्हणाला. शिक्का मिळाला होता. सकाळी लवकर येतो, म्हणाला. ते सांगताना 'सकाळी'च्या अलीकडंच थांबला, आणि मला त्याचा लहानपणचा चेहरा आठवला.

मकुरिया तिसरीत असताना अडखळत बोलायचा. शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथं अडायचा. त्याची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. बाकीची पोरं हसायची, आणि जी हसायची नाहीत ती दया येऊन त्याचं वाक्य पुरं करायची. ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटायचं. मी वर्गाला एक नियम घालून दिला, की ज्याचं वाक्य त्यानंच संपवायचं, आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. कितीही वेळ लागो. तो अडला की मी त्याच्याकडं बघत नसे. आमच्या शाळेच्या खिडकीतून घाटातलं धुकं दिसायचं, मी ते बघत राहायचो, म्हणजे त्याच्यावर माझ्या नजरेचं ओझं नको. वाक्य संपलं की म्हणायचो, बस, नीट सांगितलंस. मोठेपणी त्याचं अडखळणं जवळजवळ गेलं. लोखंडी सामानाच्या दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो.

"लवकर ये," मी म्हणालो. "पण काहीतरी खाऊन ये. उपाशी येऊ नकोस."

त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, आणि होकार दिला.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी आडवा पडलो होतो.

उजाडायच्या आधी मी बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, सदरा घातला, शाल घेतली. काठ खाली ठेवला. कोलोच्या पिशवीचं तोंड बांधलं. मग खाटेवर बसून राहिलो. लोखंडी जिन्यावर बरीच पावलं वाजली. ती हळू वाजावीत असा सगळ्यांचा प्रयत्न होता, पण तो जिना तसा नव्हता. त्यांनी दार वाजवलं. मला उठून उघडता आलं असतं, तरी मी त्यांना दुसऱ्यांदा वाजवू दिलं.

आत आले ते आमच्या गावचे पाद्री अबा तेक्ले, गावातले दोघं म्हातारे, माझी धाकटी बहीण आणि मकुरिया. बहीण रात्रभर प्रवास करून आली होती. खोली तेवढ्या माणसांनीही भरून गेली. दाराशी झेनेबेचबाई, आणि त्यांच्या मागं गेब्रू, हातात टोपी घेऊन.

अबा तेक्लेंनी हात वर करून प्रार्थना म्हटली. सांगायचं तेही त्यांनीच, असं ठरलं असणार. आम्हीही नेहमी पाद्रींनाच पुढं करायचो. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, इतक्यात मकुरियानं त्यांच्या बाहीला हात लावला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "गुरुजींना मी सांगतो."

तो माझ्यासमोर उभा राहिला, हात बाजूला सोडून.

"गुरुजी, आपली..."

आणि अडला.

त्याची मान ताठ झाली. डोळे मिटले. ओठ एका जागी थरथरत राहिले. खाली कुणीतरी नळ सोडला, त्याचा आवाज आला. मग पाण्यानं बादलीचा तळ गाठल्याचा आवाज आला. माझ्या बहिणीच्या तोंडून हुंदका फुटायला लागला आणि अबा तेक्लेंनी तोंड उघडलं. त्यांना दया आली होती. त्याची आणि माझीही.

मी हात वर केला.

"थांबा," मी म्हणालो. "त्याचं त्याला सांगू द्या."

ते थांबले. मी खिडकीकडं पाहिलं. तिथं धुकं नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती आणि तारेवर कुणाचा तरी निळा शर्ट वाळत होता. शर्टाची एक बाही आत उलटलेली होती. मी ती बाही बघत राहिलो. मला घाई नव्हती. त्यानं हवा तेवढा वेळ घ्यावा असं मला वाटत होतं. त्याला आणखी वेळ लागला असता तरी चाललं असतं.

"आपली तिरुवर्क वारली, गुरुजी," मकुरिया म्हणाला. "काल रात्री आम्ही तिला घरी आणलं."

एकदाही न तुटता आलं ते. माझ्या बहिणीनं मोठ्यानं टाहो फोडला, म्हाताऱ्यांनी फोडला, दारात झेनेबेचबाईंनी फोडला. शेजारच्या खोल्यांची दारं उघडली आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं, मला न ओळखणारी, व्हरांड्यात येऊन रडू लागली. मकुरिया मात्र तसाच उभा होता, हात सोडून. मग माझ्या लक्षात आलं की तो थांबलाय.

"बस," मी म्हणालो. "नीट सांगितलंस."

तो खाटेवर माझ्या शेजारी बसला आणि मग त्याला रडू आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे कोरडेच होते. मला वाटलं, आता मलाही उठून काहीतरी करायला हवं, शाल तरी फिरवायला हवी. मी तिचं टोक धरलं, पण बोटांना ते जमेना.

झेनेबेचबाई माणसांमधून वाट काढत आत आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून शाल काढली, झटकली, फिरवली आणि पुन्हा घातली. काठ माझ्या हनुवटीला लागला. तो खरखरीत होता.