रुसलेला दोरा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाणीवाल्या बाबांनी एका म्हातारीच्या दोऱ्याचं कडं थाळीतल्या पाण्यावर सोडलं, मधोमध बोट टेकवलं, आणि वेडावाकडा दोरा झटकन गोल झाला.

"आले! तुमचे मालक आले!" बाबा गरजले. "कसे हात पसरलेत बघा!"

म्हातारी रडली. थाळी विसळून नवं पाणी आलं.

मग पाववाल्याची पाळी. पहाटेपासून पावांवर फेटलेलं अंडं फासून तो तसाच धावत आला होता. वारलेल्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याचं कडं त्याने स्वतःच पाण्यावर ठेवलं, नीट मध्यभागी सरकवलं. बाबांनी बोट टेकवलं. दोरा ढिम्म.

बाबा क्षणभर गडबडले. "रुसली आहे. शेवटच्या घटकेला जवळ नव्हतास ना? तिचं शिवणयंत्र आश्रमात आणून ठेव, मग बोलेल."

बायको गेली तेव्हा पाववाला खरंच भट्टीपाशी होता.

संध्याकाळी मेहुणी आली. ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. सगळं ऐकून म्हणाली, "ताई आणि गप्प राहून रुसणार? भाऊजी, तिला काय तोंड नव्हतं?"

किती दिवसांनी त्याला हसू आलं.

"हात धुतले होतेत का?"

"घाईत राहिलं."

"बरं. उद्या मशीन घेऊन चला. मीही येते."

दुसऱ्या दिवशी मशीन खाली ठेवताच मेहुणी तांब्या घेऊन पुढे झाली. "बाबा, आधी नखं धुऊ द्या."

बाबांनी हात मागे घेतला. "हे बोट सिद्ध आहे!"

"मग पाण्याला कशाला घाबरतं?"

हॉल हसला. तिने पाववाल्याच्या स्वच्छ नखाखाली साबणाचा तुकडा भरला. त्याने नव्या पाण्यात दोरा सोडला, मधोमध बोट टेकवलं. दोरा गोल!

"पाण्याचा वरचा थर सगळीकडून ताणलेला असतो," मेहुणी म्हणाली. "कड्याच्या आत साबण लागला की आतला ताण सैल पडतो, बाहेरचं पाणी दोरा ओढून घेतं. काल भाऊजींच्या हातचं अंडं आधीच पाण्यावर पसरलं होतं. बाहेरचाही ताण गेला, मग दोरा ओढणार कोण? आधीचा साबण उरला तरी तेच होईल, म्हणून तर बाबा थाळी दर वेळी विसळतात!"

बाबा मागच्या दाराकडे सरकले.

"म्हणजे आमचे मालक आले नव्हते?" म्हातारीने विचारलं.

पाववाल्याने मशीन खांद्यावर घेतलं. "नाही, आजी. माझीही आली नव्हती. पण रुसलीही नव्हती. पुन्हा कुणी गेलेल्यांचा निरोप आणला, तर आधी त्याला हात धुवायला सांगा."