काचेवरचा लाल रंग

माहेनूर, तू झोळीत नुकतेच डोळे मिटले होतेस आणि मी खाली आले. अम्मींच्या हातातलं ओलं फडकं लाल झालं होतं.

"कसले डाग पडले होते गं! पाव्हणा यायचाय की," तुझी आजी म्हणाली.

टेबलावर ती काच होती. तुझ्या पणजोबांच्या, म्हणजे नबीलालदादांच्या अब्बांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेली निगेटिव्ह: देवळाच्या खांबावरची दगडी बाई. गेल्या महिन्यात खांब सरळ करताना तिचं तोंड फुटलं. उद्या शिवानंद मूर्तिकार नवं तोंड घडवायला बसणार होता. मोबाईलनं त्यानं काचेचा फोटो काढून नेला होता, पण त्यात गाल सपाट दिसत होते. "उतार कळला न्हाई तर मी माझ्या मनाचं तोंड करणार, भाभी. ते तिचं नसणार." म्हणून आज उन्हावर कागदी प्रिंट काढायची होती, आणि ती बघायला तो यायचा होता.

तो लाल रंग डाग नव्हता, ऊन अडवायला मुद्दाम लावलेला होता. मूर्तीच्या मागचं सगळं प्रिंटमध्ये पांढरं यावं आणि दगड उठून दिसावा, म्हणून दादांच्या अब्बांनी तो लावला होता.

दादा काठी टेकत आले. "कुठल्या बाजूनं पुसलंस, माजिदा?"

"काचेला बाजू असती व्हय, अब्बा?" अम्मींनी त्यांना विचारलं.

"असते. एकीकडं नुसती काच, दुसरीकडं चित्र. ते भिजलं की सायीसारखं सुटतं."

अम्मींनी फडकं लांब टाकलं. दादांना आता दिसत नाही. त्यांनी काच माझ्यापुढं सरकवली. "तिरकी धर. चमकती ती काच, मळकट ते चित्र."

फडक्याचा ओघळ चमकत्या बाजूला होता. मी श्वास सोडणार, तोच दिसलं: एक थेंब कडेवरून वळून मळकट बाजूला आला होता. गालापासून दोन बोटांवर.

"टिपू नकोस. हलवू नकोस. वाळू दे," दादा म्हणाले.

पंखा बंद केला. तो थेंब आटेपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. खांद्याजवळ एक सुरकुती उरली. गाल वाचला.

शिवानंद आला तेव्हा मी गच्चीवर होते, फ्रेममध्ये कागद आणि काच दाबून. मिनिटभर जास्त ऊन लागलं तरी गाल काळा पडला असता. नेमकी तू रडायला लागलीस. माझा पदर दुधानं भिजला, पाय जिन्याकडे वळले, पण हात फ्रेमवरून निघेना. अम्मींनी तुला उचललं. तुझं रडणं ऐकतच मी फ्रेमची मागची फळी अर्धी उघडली.

गाल आला होता, हनुवटीकडे हळूच उतरत. आणि मूर्तीशेजारी, लाल रंग असता तर पांढरं आलं असतं तिथं, एक बाई उभी होती. तोंड ओढणीत, हातात कल्हईची परात. परातीतलं ऊन ती दगडाच्या गालावर पाडत होती.

"ह्या बाईच्या परातीतनं उजेड खालनं आलाय!" शिवानंद ओरडला. "म्हणून सावली न्हाई. मी गाल सपाटच घडवला असता की, भाभी! अंगठाभर खोल जायला पाहिजे इथं."

"कोण बाई?" काठी टेकत जिना चढून आलेल्या दादांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी काठी कठड्याला टेकवली. "माझ्या अम्मीनं कधी फोटो काढून घेतला नाही म्हणायचे अब्बा."

तुला खांद्यावर घेऊन अम्मी गच्चीच्या दारात उभ्या होत्या, पुढं यायचं धाडस होत नव्हतं.

"माजिदा, बाकीच्या काचांना हात लावायचा न्हाई," दादा म्हणाले. मग काठी परत हातात घेत, "विचारून लाव."