हिरव्यावरचा लाल

मी एक आयकॉन बोलतोय. नखाएवढा, लाल रंगाचा टेलिफोनचा रिसीव्हर. मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला एका बोटाने पुसता येतं, त्याने भिऊ नये तर काय करावं?

माझा जन्म धाकटीच्या, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलीच्या हातून झाला. पडद्यावरच्या बटणांची चित्रं काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. तिचे बाबा दुसऱ्या गावी एकटे राहतात. त्यांना कमी ऐकू येतं, साध्या फोनवर काही कळत नाही. पण समोर ओठ हलताना दिसले की सगळं समजतं. म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरून धाकटीला बोलवायचं आणि त्यासाठी मला दाबायचं, असं ठरलं.

तिने एका स्क्रीनशॉटमधून रिसीव्हर कापून काढला आणि लहान केला. तेव्हा माझा नुसता चिखल झाला, कारण आक्रसताना कडेचे रंग एकमेकांत मिसळतात. मग एकेक ठिपका मोठा करून तिने मळकट ठिपके खरवडले, सपाट रंग भरला. बाबांच्या पडद्याचाही स्क्रीनशॉट तिच्याकडे होता. त्यावर हिरव्यागार कुरणाचा फोटो. "हिरव्यावर लाल कसा उठून दिसेल," ती स्वतःशीच म्हणाली. रंग भरल्यावर चित्र एकदा राखाडी करून बघायचं, तरी आकार दिसला तरच काम झालं, ही तिच्या सरांची शिकवण. त्या दिवशी ती घाईत होती, तेवढं राहून गेलं आणि तिने मला तसंच दुरून बाबांच्या पडद्यावर बसवलं.

पहिल्याच संध्याकाळी बाबांच्या माऊसचा बाण माझ्या अंगावरून गेला, पण थांबला नाही. कोपऱ्यात गेला, परत आला, पुन्हा माझ्यावरून गेला. मी समोर होतो आणि त्यांच्यासाठी नव्हतो.

असं रोज होऊ लागलं. रविवारी थोरला मुलगा आला, धाकटीही आली. थोरल्याने माझ्यावर बोट ठेवलं.

"बाबा, हा काय. नाकासमोर आहे."

"कुठे रे?"

"मघाशीच समजावलं ना तुम्हाला?"

थोरला बहिणीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "विसरायला लागलेत गं. कपडेसुद्धा विजोड घालतात. उद्या गॅस चालू राहिला तर? वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवलीय. पुढच्या रविवारी गाडी आणतो, घर बंद करू."

बाबांना ते ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. माझ्यामुळे एका माणसाचं घर जाणार होतं आणि मला तोंड नव्हतं.

थोरला गेला. धाकटी रडवेली होऊन बाबांच्या पायांकडे बघत राहिली. एक मोजा तपकिरी, एक हिरवा.

"बाबा, हे असे का घातलेत?"

"असे म्हणजे? जोडीच आहे की. तुझी आई काढून ठेवायची, आता माझं मीच बघतो."

तिने घाईघाईने पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्यातला सगळा रंग काढून टाकला. राखाडी कुरणात मी नव्हतोच. माझं नसणं मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

तिथेच बसून तिने नवा रिसीव्हर केला. गडद निळा, पिवळ्या गोळ्यावर, भोवती पांढरी कड. मला उचलून कॉम्प्युटरवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. इथून पडदा दिसत नाही, फक्त आवाज येतात.

"मला कॉल लावा," म्हणून ती आपला मोबाईल घेऊन पलीकडच्या खोलीत गेली.

माऊस सरकला. थांबला. पुन्हा सरकला. देवा, पुन्हा तेच का?

पलीकडे घंटी वाजली.

"एवढा पिवळा गोळा काढलायस," बाबा म्हणाले, "न दिसायला काय झालं?"

तिने थोरल्याला फोन केला. "दादा, गाडी आणू नकोस. बाबा काहीच विसरत नाहीत. त्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही, बहुतेक जन्मापासून. आई सांभाळून घ्यायची, म्हणून आपल्याला कळलं नाही."

आता एकच धास्ती उरलीय. टाकलेली वस्तू 'असू दे, कामाला येईल' म्हणून परत घरात आणायची बाबांना खोड आहे. त्यांनी मला बाहेर काढून पुन्हा त्या कुरणात ठेवलं तर? धाकटे, डबा रिकामा करताना कॉम्प्युटर विचारेल, 'नक्की पुसू का?' मला फार भीती वाटतेय. तरी तू हो म्हण.