हात कोणी मारला?

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. मी म्हणतो म्हणून लगेच खरं मानू नका. मला उलटा करून पाठीवर छापलेलं वाचा, वीज देऊन बघा आणि मग ठरवा. मी स्वतःसुद्धा कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. माझा स्वभावच संशयी आहे, आणि ज्या गावात मी राहिलो तिथे तो आणखी पक्का झाला.

मला कधी पाहिलं नसेल तर सांगतो. मी तळहातावर मावेल एवढा निळा तुकडा आहे. मधोमध एक काळी चिप, दोन्ही कडांना पिनांची भोकं. तुम्ही संगणकावर चार ओळींच्या सूचना लिहायच्या आणि वायरने माझ्यात उतरवायच्या. मग संगणक बंद केलात तरी मी त्या विसरत नाही. तेच ते काम न कंटाळता पुन्हा पुन्हा करत राहतो. दिवा लाव, दिवा विझव, भोंगा वाजव, अंतर मोज. बस, एवढंच मला येतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या कथलाने माझे पाय जोडले आणि मला बाहेर सोडण्याआधी यंत्राला लावून तपासलं. म्हणजे माझ्यावर पहिला संशय जन्माच्या दिवशीच घेतला गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तपासल्याशिवाय कुणाला बरा म्हणू नये आणि वाईटही म्हणू नये, हे मी तिथेच शिकलो.

पुढे मी मुरूडजवळच्या एका कोळीवाड्याच्या शाळेत आलो. आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीला जाणाऱ्या बोटीचा भोंगा तिथे ऐकू यायचा. पण मला तो कपाटातूनच ऐकावा लागला. पोरांच्या हातात दिलं तर मोडतील, असा मुख्याध्यापकांना संशय होता. मला कुलूप लागलं आणि खारा वारा कपाटाच्या फटीतून येऊन माझे पाय चाटू लागला. मोडण्यासाठी पोरं लागत नाहीत, मित्रांनो, नुसतं ठेवून दिलं तरी पुरतं.

नव्याने बदलून आलेल्या प्रफुल्ल सरांनी मला बाहेर काढलं. त्यांनी मला वायरने संगणकाला जोडलं. माझा दिवा लागला, पण संगणक म्हणेना की कुणी आलंय. सरांनी वायर काढली, घातली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

"मेलेला दिसतोय," ते शेवटी म्हणाले.

मी जिवंत होतो हो! दोष वायरचा होता. ती मोबाइल नुसता चार्ज करायची वायर होती. वीज तेवढी आणायची, निरोप पोचवायची नाही. टाकून देण्याआधी सरांनी दुसरी वायर लावून बघितली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय. मी दिवा लावला आणि विझवला. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला.

त्या वर्गात विनिता होती. नववीतली, बोलायला कमी, पण हाताची चपळ. तिने मला एक कळ जोडली, आणि माझा दिवा आपोआप फडफडू लागला. तिने नुसता हात जवळ नेला तरी तो लागायचा.

"सर, कळ दाबलीच न्हाय तरी ह्यो पेटतोय."

"ही पिन सुटी राहिली आहे," सर म्हणाले. "तिला काही धरून नाही, म्हणून ती हवेतलं काहीबाही ऐकते आणि कधी हो म्हणते, कधी नाही. रेझिस्टर लाव आणि तिला ग्राउंडला बांध."

विनिताने रेझिस्टर लावला आणि माझी पिन गप्प झाली. पुढे वाड्यात जे झालं तेव्हा मला ही पिन फार आठवली.

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. आपल्या घरची एखादी अडचण शोधा आणि ती या बोर्डाने सोडवा, असं सरांनी सांगितलं. विनिताला अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची आजी चंद्राबाई सुकी मासळी विकते. घरामागच्या खळ्यावर, म्हणजे सारवलेल्या मोकळ्या जागेवर, ती जवळा, ही बारीक कोळंबी, सुकत घालते आणि मुरूडच्या बाजाराला जाते. परत येते तेव्हा जवळा कमी झालेला असतो.

"जवळा काय आपल्या पायानं चालत गेला?" चंद्राबाई म्हणायची. "गोदूचंच काम हाय ह्ये."

गोदूबाई शेजारीण. दोघींचं खळं एकच. जागा चंद्राबाईची, पण निम्मं ही वापरायची, निम्मं ती. पूर्वी दोघी एका टोपलीत भाकरी बांधून बाजाराला जायच्या. मग एकदा गोदूबाई बाजारात चंद्राबाईच्या जागेवर बसली, त्यावरून वाजलं आणि बोलणं तुटलं. चंद्राबाईने खळ्याच्या मधोमध जुनं जाळं ताणलं. ये-जा करायला एक तोंड तेवढं ठेवलं. तेव्हापासून घरात काहीही कमी झालं की नाव गोदूबाईचं. बरी बातमी एकच होती. चंद्राबाईची टिपक्यांची कोंबडी आताशा रोज अंडं घालत होती, आणि तिचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकावं लागत होतं.

विनिताने मला अंतर मोजणारा सेन्सर जोडला. तो दोन डोळ्यांसारखा दिसतो. समोरून कुणी गेलं की अंतर कमी होतं, आणि मी भोंगा वाजवतो. मला प्लास्टिकच्या डब्यात बसवून तिने तो डबा जाळ्याच्या तोंडाशी रोवलेल्या बांबूला बांधला.

"आजी, केवढ्या उंचीवर लावू?"

"गोदूच्या कंबरेएवढ्या," चंद्राबाई म्हणाली. "ठेंगणी हाय ती. वर लावशील तं खालून निसटंल."

मला त्याच वेळी खटकलं. चोर कोण हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्या मापाने पहारा बसवायचा, ही कुठली रीत? पण मला तोंड नाही, मला भोंगा आहे. तोही सांगितल्याशिवाय वाजवता येत नाही.

रविवारी चंद्राबाई बाजाराला गेली. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्यासमोरून कुणीतरी गेलं. मी वाजलो. विनिता धावत बाहेर आली, शेजारच्या बायका आल्या. गोदूबाई चंद्राबाईच्या जवळ्यात ओणवी होती. दोन्ही हात जवळ्यात. भोंग्याने ती दचकली.

"गोदूआजी, तू काय करतेस हितं?" विनिताने विचारलं.

"काय करनार? हात मारला," गोदूबाई म्हणाली. "रोजच मारते." हात झटकून, पदर सावरून ती जाळ्यापलीकडे निघून गेली.

संध्याकाळी विनिताने आजीला जसंच्या तसं सांगितलं. गोदूआजी म्हणाली, मी हात मारला, रोजच मारते. चंद्राबाई टोपली खाली ठेवायलाही थांबली नाही. तरातरा गोदूबाईच्या दारात गेली.

"आजपासून खळ्यावर पाय ठेवायचा न्हाय. चोराला माझ्या शेजारी जागा न्हाय."

सगळा वाडा ऐकत होता. गोदूबाईला दुसरं खळं नव्हतं. खळं गेलं तर मासळी सुकवायची कुठे, आणि चोर म्हटलेल्या बाईच्या पाटीतली मासळी घ्यायची कुणी? ती उंबऱ्यात उभी राहिली.

"तुझ्या नातीला सांगितलं मी काय ते," ती म्हणाली. "तुला कललं न्हाय तं दुसरं काय सांगू, चंद्रे?" आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं फार कौतुक झालं. चोर पकडणारं यंत्र! पोरं मला बघायला गोळा झाली. प्रफुल्ल सर मात्र गंभीर होते. "यंत्राने काय पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"गोदूआजी आली ते."

"ती आली, एवढंच ना? चोरी पाहिली?"

मी तर फक्त अंतर मोजलं होतं. त्यात चोरी कुठे होती?

त्यानंतर गोदूबाई खळ्यावर आली नाही. तिच्या बाजूची मासळी तशीच पडून कावळ्यांची धन झाली. विनिताने मला परत बांबूला बांधलं होतं, पण चंद्राबाई पुन्हा बाजाराला गेली त्या दिवशी मी दिवसभर गप्प होतो. चंद्राबाई बाजारातून खुशीत आली. चोर हाकलला, आता जवळा पुरता मिळेल. तिने मूठभर जवळा उचलला आणि तिचा चेहरा उतरला. वरून कोरडा, खालून ओला. कुबट वास सुटला होता.

"आज जवळ्याला हात कुनी मारला न्हाय?" ती आपल्याशीच म्हणाली.

मित्रांनो, इथे थांबा. सुकत घातलेला जवळा भर उन्हात हाताने खालीवर करावा लागतो, नाहीतर खालची बाजू सडते. त्या वाड्यात याला हात मारणं म्हणतात. चंद्राबाईने हा शब्द जन्मभर याच अर्थाने वापरला होता. फक्त गोदूबाईच्या तोंडून आला, त्या दिवशी तिला त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला. मन सुटलं की त्या सुट्या पिनेसारखं होतं. शेजारी नुसता हात हलला तरी ते चोर चोर म्हणून पेटतं.

"आजी," विनिता हळूच म्हणाली, "गोदूआजी हेच म्हनली व्हती ना?"

चंद्राबाईने मुठीतला जवळा खाली टाकला. आपण बाजारात असताना इतके दिवस जवळा सडला कसा नाही, हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता.

पण मग जवळा जात कुठे होता? विनिता वाकून बघत होती. जवळ्याच्या कडेला बारीक ओरखडे होते. रोज गोदूबाई हात मारायची त्यात ते पुसले जायचे, आज कुणी पुसले नव्हते. विनिताने माझा डबा सोडला आणि बांबूच्या पार बुडाशी, घोट्याएवढ्या उंचीवर बांधला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चंद्राबाईही बाजाराला गेली नाही. दोघी दाराआड बसून राहिल्या.

ऊन वर चढलं आणि मी वाजलो. दोघी धावल्या. गोदूबाईच्या बाजूला चरून जाळ्याच्या तोंडातून ऐटीत आत शिरत होती ती टिपक्यांची कोंबडी. भोंग्याला न जुमानता तिने जवळा उकरायला घेतला. रोजच्या अंड्याचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

चंद्राबाई हसली नाही. तिने जाळ्याच्या गाठी एकेक करून सोडल्या, जाळं गुंडाळून काखेत मारलं आणि गोदूबाईचं दार वाजवलं. वाडा पुन्हा ऐकत होता. माफी मागायची त्यांच्यात सवय नाही, आणि हिला तर मुळीच नाही.

"गोदू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "उद्या मी बाजाराला जाते. जवळ्याला हात मार."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी वाजलो, आणि वाजतच राहिलो. कुणी धावत आलं नाही. गोदूबाई जवळा खालीवर करत होती आणि डोळे पुसत होती. खारट हातांनी डोळे पुसू नयेत, हे तिला मी सांगायला हवं का?

आता मी म्हातारा झालो. माझ्या दोन पिनांना गंज चढलाय, शाळेने मला विनिताला देऊन टाकलंय आणि तिच्या घरच्या फळीवर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, तुमच्या हाती माझ्यासारखा एखादा आला तर त्याला कुलपात सडवू नका. काम झालं की कोरड्या डब्यात ठेवा. तो चालेनासा झाला तर टाकून देण्याआधी एकदा वायर बदलून बघा. आणि त्याने भोंगा वाजवला तर एवढंच समजा, की कुणीतरी आलंय. ते का आलंय, हे मला विचारू नका. जाऊन त्या माणसाला विचारा आणि त्याचं उत्तर नीट ऐका.