मेतकुटाच्या पाकिटावरचं नाव

काशीत रामघाटावरच्या अन्नपूर्णेनं मेतकूट विकायला काढलं, तेव्हा तिचे सासरे नरहरशास्त्री रुसून पानावरही बसले नाहीत. शास्त्र्यांच्या घरची सून पुड्या विकणार, म्हणजे घराण्याची अब्रू गंगार्पण झाली असं त्यांचं म्हणणं. माणूस नाकानं कांदे सोलणारा! पण सून त्यांना पुरून उरली. पदर खोचून तिनं डाळी भाजल्या, दळल्या, आणि बघता बघता रेल्वे कॉलनीपासून युनिव्हर्सिटीपर्यंतच्या मराठी घरांत ‘अन्नपूर्णा मेतकूट’ जाऊन बसलं.

मग लंका बाजारातल्या एका दुकानात त्याच नावाची पाकिटं लागली. आत काय, तर बेसन आणि हळद. बोल मात्र हिला. अन्नपूर्णा भडकली. नाव आता नोंदवूनच टाकायचं म्हणून नवऱ्याला, बँकेतल्या उल्हासला, ओढत वकिलाकडे घेऊन गेली. वकील बनारसी. गालातलं पान सांभाळत त्यानं सांगितलं की, अन्नपूर्णा म्हणजे काशीची मालकीण, तिच्या नावाची भोजनालयं आणि आटाचक्क्या गल्लोगल्ली आहेत. ते नाव एकटीला मिळायचं नाही. दुसरं कुणी वापरत नसेल असं काही आणा.

घरी हे कळलं आणि शास्त्रीबुवांची कळी खुलली. ‘नरहरशास्त्री मेतकूट’ ठेवा म्हणाले, घराण्याचं नाव बघून लोक डोळे मिटून घेतील. बघा म्हणजे! राबली ही, आणि आयत्या बिळावर हे नागोबा. उल्हासनं मान डोलावली. तो बापापुढे जन्मात कधी ब्र काढायचा नाही.

अन्नपूर्णा कढईपुढे बसून धुमसत राहिली. हे ‘अन्नपूर्णा’ तरी तिचं कुठे होतं? लग्नात उल्हासनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ते लिहिलं, आणि निवडलेलं होतं शास्त्रीबुवांनी. आईनं ठेवलेलं मधुवंती त्या दिवसापासून पुसलं गेलं. माहेरी गेली, तरी जावई रागावतील म्हणून आईसुद्धा नवंच नाव घ्यायची. आधार कार्डावर तेच, रेशन कार्डावर तेच. आणि आता वकील म्हणतो की तेही तुमचं नाही, सगळ्या गावाचं आहे. आधी तिला हसू आलं. मग असा संताप आला की कढईतली डाळ करपून गेली.

पुढच्या खेपेला शास्त्रीबुवा शाल पांघरून स्वतःच बरोबर निघाले. वकिलानं नाव विचारलं. त्यांनी घसा खाकरला, पण ती आधी बोलली.

“मधुवंती मेतकूट.”

“ते नाव आपल्या घरात नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“नाहीच, मामंजी. म्हणून तर त्यावर तुमचा हक्क नाही.”

सुनेनं आजवर त्यांना असं तोंडावर सुनावलं नव्हतं. वकिलाला मराठीतलं काही कळलं नाही. त्यानं नाव टाइप केलं आणि चष्म्यावरून उल्हासकडे बघितलं.

“ये मधुवंती कौन हैं? जीवित हैं तो उनकी लिखित सहमति लगेगी.”

उल्हासनं बापाकडे बघितलं.

“जीवित हैं,” ती म्हणाली. “कागज इधर दीजिए.”

आणि सासऱ्यांच्या देखत तिनं ‘मधुवंती’ अशी ठसठशीत सही ठोकली.