चार सेकंद उशीर

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. कळ दाबली तर अजून चालतो. पण मन मात्र कधी थांबत नाही.

कारखान्यातून मी थेट मिनेसोटातल्या एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत आलो. दर ऑक्टोबरमध्ये शिक्षिका मिसेस प्रुइट दुसरीच्या मुलांना एकेक करून नर्सच्या खोलीशेजारी बोलवत. समोर नक्षीचे चित्र, हातात लाल-पांढरे ठोकळे. चित्रासारखी नक्षी जुळवायची. बाई माझी कळ दाबत आणि मी पळू लागे. ज्यांना भरपूर गुण मिळत, ती हुशार मुले दर गुरुवारी वरच्या खोलीत जात. तिथेही बाईच शिकवत आणि मी त्यांच्या खिशात असे. तिथे दुर्बीण होती, बुद्धिबळ होते, अंडी उबवायची पेटी होती. बाकीची खाली बसून बेरजांचे कागद भरत.

"हे घड्याळ कुणाचीही भीड ठेवत नाही," असे मुख्याध्यापक केसेल पालकांना सांगत. मी फुशारून जाई.

मग टॉलेफसनांच्या जुळ्या आल्या. ग्रेटाने नक्षी चटकन जुळवली. लॉर्नाने अर्धी जुळवली, थांबली, सगळी मोडली आणि पुन्हा लावू लागली. बाईंची नजर माझ्यावरच होती.

"वेळ संपली गं बाळा."

लॉर्नाला चार सेकंद उशीर झाला होता. नक्षीही उलटी होती. बाईंनी कागदावर 'नक्षी उलटी' असे लिहून फुली मारली. 

पहिल्या गुरुवारी ग्रेटा जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. "ही नाही, तर मी पण नाही जाणार!"

"जा ना गं," लॉर्ना म्हणाली. "पिल्लं बाहेर आली की मला सांग. सगळं सांग हं, गाळू नको काही."

ग्रेटा वर आली, पण दुर्बिणीला तिने डोळा लावला नाही. ती सरळ बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, लॉर्नाला येत होतं! तिनेच मला सांगितलं. तुम्ही समोर बसला होतात ना? तुम्हाला सरळ दिसावं म्हणून तिने फिरवून लावलं. ती घरी आईला चित्र दाखवतानासुद्धा असंच करते."

बाई खुर्चीत बसल्या. सात वर्षांच्या मुलीने समोरच्याच्या डोळ्यांनी नक्षी पाहिली होती, आणि आम्ही तिला मंद ठरवले होते.

त्याच दुपारी त्या केसेलांकडे गेल्या. "यादी जिल्हा कार्यालयाकडे पाठवून झाली," ते म्हणाले. "एकीसाठी बदलली तर उद्या अख्खं गाव दारात येईल."

"येऊ दे की! मी सांगेन त्यांना, माझं चुकलं म्हणून."

बाईंनी लॉर्नाची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी मी खणात होतो. आतून मला एवढेच ऐकू आले, "कसं केलंस, सांग बरं," आणि मग लॉर्नाचा न थांबणारा आवाज. पुढच्या गुरुवारी दोघी बहिणी जिना चढल्या.

पण बाईंना चैन पडेना. त्यांनी अकरा वर्षांचे जुने कागद काढले. सहा कागदांवर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'नक्षी उलटी'. दोन कुटुंबे गाव सोडून गेली होती. उरलेल्या चार घरी बाई स्वतः गेल्या. एका घरातला मुलगा आता सोळा वर्षांचा होता. बाईंनी त्याला सगळे सांगितले.

"म्हणजे मी ढ नव्हतो?" त्याने विचारले.

बाई परत आल्या त्या रडतच. त्यानंतर त्यांनी माझी कळ कधी दाबली नाही.

आता मी शाळेच्या अडगळीत पडून आहे. त्याचे मला दुःख नाही. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या शिक्षक होईल, कुणी आईबाप. एखादे मूल अडले, मागे राहिले, वेगळेच काही करत बसले, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी त्याला विचारा, "काय करतोयस रे?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. गाव सोडून गेलेल्या त्या दोघांना हे अजून कुणी विचारलेले नाही.