भुशाचे अर्धे पोते

मी एक जुने तागाचे पोते आहे आणि मित्रांनो, मोठे चौकस आहे. पूर्वी माझ्यात धान्य असे. पुढे उंदरांनी मला तीन भोके पाडली. धान्यवाला हळहळला, मी मात्र खूश झाले, कारण त्या भोकांतून मला जगात डोकावता येऊ लागले.

त्याने टाकून दिल्यावर मी सुतारदादांच्या कारखान्यात आले. तिथे भुशाचे ढीग साचत. दादा ते जाळत आणि दिवसभर खोकत. एकदा भिंतीपलीकडच्या मशरूमवाल्या मावशी धुराबद्दल भांडायला आल्या.

"अहो, जाळता काय? माझी मशरूमं यावरच वाढतात. मी लांबून विकत आणते हा भुसा!"

भांडण बाजूलाच राहिले आणि मावशी मला भरून घेऊन गेल्या.

भुशाचे पुढे काय होते, हे मी भोकातून टक लावून पाही. मावशी तो गरम पाण्यातून काढून मशरूमच्या बियाण्यासह पिशव्यांत भरत. मग पांढरे धागे, मग छत्र्या! मशरूम काढल्यावर उरलेला भुसा शेजारच्या रोपवाटिकेत खत होऊन जाई. कुणाचे काय कुणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

एका हंगामात मात्र धागाच धरेना. मावशींच्या तोंडचे पाणी पळाले. पुढचे पीकही गेले, तर शेड बंद करावी लागणार होती. त्यांनी मला उलटे केले, तळाचा भुसा चिमटीत घेऊन हुंगला आणि मला घेऊन तडक कारखाना गाठला.

"दादा, यात प्लायवूडचा भुसा आहे. त्यातल्या गोंदानं माझं पीक मेलं."

दादा गोरेमोरे झाले. "अस्सल लाकडाचं काम कमी होतं हो. पोतं अर्धंच भरलं. म्हटलं, तुम्हाला कमी पडायला नको..."

"अर्धं चाललं असतं," म्हणत मावशी जायला वळल्या.

मला वाटले, संपले सगळे. पण दादांनी सुई काढली. दुसरा भुसा शिरू नये म्हणून त्यांनी माझी तिन्ही भोके निळ्या दोऱ्याने शिवली. "हे पोतं फक्त अस्सल लाकडाचं. पुढचं बियाणं माझ्याकडून."

माझ्या खिडक्या बंद झाल्या. वाईट वाटले. आता पलीकडे गेल्यावर मला फक्त ऐकू येते. पुढच्या खेपेला मला उचलताच, हलके लागले म्हणून मावशी थबकल्या. आत हात घातला, भुसा चोळला, हुंगला आणि हसल्या.

"अर्धंच आहे. म्हणजे चोख आहे."

मित्रांनो, तुमचा कचरा शेजाऱ्याचा माल होणार असेल, तर मला अर्धेच भरले तरी चालेल. पण तो माल आहे, हे लक्षात ठेवून भरा.